भेटणार नाहीत, हे कुणी पाहिलं?

समांतर रेषांची व्याख्या फळ्यावर लिहायला अर्धा मिनिट पुरतो. एकाच प्रतलातल्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा. मुलं ती उतरवून घेतात, खाली दोन आडव्या रेघा मारतात, त्यांच्या टोकांना बाण काढतात आणि पान उलटतात. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पण जाऊन बघितलं कुणी?"

वर्ग हसला. प्रश्न चोख होता. रेषेला दोन्हीकडे अंत नाही, आणि आपण छातीठोकपणे सांगतोय की या दोघी कुठेच भेटत नाहीत. कशाच्या जोरावर? वहीत दिसतो तो रेषेचा बोटभर तुकडा. पुढच्या पानावर, वहीच्या बाहेर, भिंतीपलीकडे त्या काय करतात हे आपल्याला कसं कळलं? अशा वेळी रेल्वेच्या रुळांचं उदाहरण देण्याची पद्धत आहे. मला ते कधीच पटलं नाही. रूळ वळतात, आणि सरळ असले तरी मध्ये उभं राहून पाहिलं तर ते क्षितिजावर मिळालेलेच दिसतात. शंका फेडायला निघालो आणि दुसरी शंका हातात ठेवून आलो, अशातली गत.

त्या मुलाची अडचण जुनी आहे. युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास भूमितीची मांडणी केली, तेव्हा पहिल्या पुस्तकातली तेविसावी, म्हणजे शेवटची व्याख्या समांतर रेषांना दिली: दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी ज्या मिळत नाहीत त्या. व्याख्या म्हणून बिनचूक, कसोटी म्हणून निकामी. ती वापरायची तर रेषेच्या टोकापर्यंत जायला हवं आणि टोक तर नाहीच. म्हणून पाचव्या गृहीतकात युक्लिड कोनांकडे वळतो. दोन रेषांना तिसरी छेदत असेल आणि तिच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरत असेल, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला मिळतात. पहिली २८ प्रमेयं त्यानं या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केली आणि २९ व्याला ते पहिल्यांदा बाहेर काढलं. छेदिका जिथे छेदते तिथलेच कोन मोजायचे आणि निकाल द्यायचा पार पलीकडचा, अशी ही सोय.

चढ म्हणजे हीच सोय, आकड्यांत. आलेखाच्या कागदावर क्ष-अक्ष आधीपासून आडवा पडलेला असतोच, तोच आपली छेदिका. रेषेनं क्ष-अक्षाच्या धन दिशेशी केलेला कोन घ्यायचा, त्याचं टॅन (काटकोन त्रिकोणातली उभी बाजू भागिले आडवी बाजू) काढायचं, झाला चढ. दोन रेषांचे चढ सारखे, याचा अर्थ क्ष-अक्षाशी झालेले त्यांचे संगत कोन सारखे. संगत कोनांची कसोटी मुलं आधीच्या इयत्तेत घोटून घोटून पाठ करतात, चढ दोन-तीन वर्षांनी भेटतो, आणि या दोघांची ओळख करून द्यायचं बहुतेकदा राहूनच जातं. मग मुलांच्या डोक्यात समांतर रेषांची दोन वेगवेगळी खाती उघडतात, एक कोनांचं, एक समीकरणांचं.

बोलताना आम्ही "वाय बरोबर एमएक्स प्लस सी" असंच म्हणतो. इथे क्ष आणि य लिहिते: य = मक्ष + स. म हा चढ, आणि स म्हणजे रेषा य-अक्षाला ज्या उंचीवर छेदते ती संख्या. चढ काढायचा तर रेषेवरचे कुठलेही दोन बिंदू घ्यायचे आणि उभ्या फरकाला आडव्या फरकानं भागायचं. (१, ४) आणि (३, ८) घेतले तर ४ भागिले २, म्हणजे २. त्याच रेषेवरचे लांबचे (−५, −८) आणि (१०, २२) घेतले तर ३० भागिले १५, पुन्हा २.

या "कुठलेही दोन" शब्दांवर मी दरवर्षी अडून बसते. सगळी गंमत तिथेच तर आहे. बिंदू कुठलेही निवडा, उत्तर एकच, असं का? कारण त्या दोन बिंदूंखाली तयार होणारे काटकोन त्रिकोण समरूप असतात. छोटा काढा, मोठा काढा, उभ्या बाजूचं आडव्या बाजूशी गुणोत्तर ढळत नाही. वर्तुळाच्या कमानीवर दोन बिंदू घेऊन हेच करून पाहिलं की वेगवेगळ्या जोड्यांना वेगवेगळी उत्तरं येतात. सरळपणा म्हणजे काय, हे आकड्यांत सांगायचं तर मला यापेक्षा नेमकं काही सुचत नाही.

आणि इथेच एक चोरकप्पा आहे. मुलांना तो मी सहसा दाखवत नाही, विचारलं तरच. लहान-मोठे समरूप त्रिकोण असू शकतात, हे आपण गृहीत धरलं. जॉन वॉलिस या गणितज्ञानं १६६३ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात याच गृहीतावरून युक्लिडचं पाचवं गृहीतक सिद्ध करून दाखवलं. म्हणजे कुठल्याही त्रिकोणाची हव्या त्या मापाची समरूप प्रत काढता येते असं म्हणणं आणि समांतर रेषांचं गृहीतक मान्य करणं, ही एकच गोष्ट निघाली. पुढे १८२९ मध्ये लोबाचेव्हस्कीनं आणि १८३२ मध्ये बोल्याईनं ते गृहीतक सोडून दिलेली भूमिती छापली. त्या भूमितीत आकार तोच आणि माप वेगळं असे दोन त्रिकोण असूच शकत नाहीत, त्यामुळे आपला हा चढही तिथे टिकत नाही. तेव्हा "जाऊन बघितलं कुणी?" याचं खरं उत्तर असं की चौकटीचा कागद समोर ओढला त्याच क्षणी आपण ते मान्य करून बसलो होतो.

मान्य केल्यावर मात्र उत्तर फार स्वस्तात मिळतं. य = २क्ष + २ आणि य = २क्ष − ५ या दोन रेषा घ्या. क्ष-ची एकच किंमत दोन्हींत घालून उंचींची वजाबाकी करा. क्ष शून्य असताना फरक ७. क्ष दहा लाख असताना एक रेषा २०,००,००२ वर, दुसरी १९,९९,९९५ वर, फरक ७. २क्ष दोन्हीकडे आहे, तो वजाबाकीत उडूनच जातो, मग क्ष केवढा का असेना. आणि चढ वेगळे असतील तर हा फरक क्ष-बरोबर ठरावीक दरानं बदलतो. एका दिशेला वाढत असेल तर दुसऱ्या दिशेला घटतो, आणि ठरावीक दरानं घटणारी गोष्ट कधी तरी शून्यावर येणारच. तिथे त्या भेटल्या. म्हणजे कसोटी दोन्हीकडून पक्की. सारखे चढ असलेल्या वेगवेगळ्या रेषा भेटू शकत नाहीत, आणि वेगळे चढ असलेल्यांना भेट चुकवता येत नाही.

"भेट चुकवता येत नाही" हे किती कडक आहे ते दाखवायला माझं आवडतं उदाहरण ०.६७ चं. एका रेषेचं समीकरण य = (२/३)क्ष + १. दुसरी य = ०.६७क्ष. कॅल्क्युलेटर हाताशी असलेली मुलं २/३ ला बिनदिक्कत ०.६७ करतात आणि चढ सारखे म्हणून समांतर असं लिहून मोकळी होतात. आता आलेखाच्या कागदावर एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर धरून दोन्ही रेषा काढा. य-अक्षापाशी त्यांच्यात उभं अंतर बरोबर एक सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर उजवीकडे जा, अंतर उरतं ०.९६७ सेंटिमीटर. घट झाली मिलिमीटरच्या एक तृतीयांश. कागदावरचा सर्वांत छोटा चौकोन एक मिलिमीटरचा, पेन्सिलीच्या रेघेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. अख्खी घट रेघेच्या जाडीत बुडून जाते. भिंग लावूनही नजरेला या रेषा समांतरच वाटतील. पण २/३ म्हणजे २००/३०० आणि ०.६७ म्हणजे २०१/३००, तफावत १/३००. म्हणजे सुरुवातीचं एक एकक अंतर भरून निघायला क्ष-ला ३०० पर्यंत जावं लागेल. (३००, २०१) या बिंदूत त्या भेटतात, कागदावरच्या मापानं तीन मीटर उजवीकडे आणि दोन मीटरपेक्षा थोडं वर. बाकावरच्या कागदात मावायचं नाही, पण भेट ठरलेली. याच कारणासाठी मी चढ अपूर्णांकातच ठेवायला लावते. मुलांना तो जाच वाटतो.

डोळ्यांवर भरवसा न ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. १८६० साली त्सोलनर या जर्मन खगोलभौतिकशास्त्रज्ञानं एक आकृती प्रसिद्ध केली. तीत लांब रेघा तंतोतंत समांतर आहेत, पण त्यांच्यावर मारलेल्या आखूड तिरप्या रेघांमुळे त्या एकमेकींकडे झुकल्यासारख्या भासतात. पुढच्याच वर्षी हेरिंगनं दाखवलं की एका बिंदूतून फाकणाऱ्या किरणांवर दोन सरळ समांतर रेघा ठेवल्या की त्या मधोमध बाहेर फुगलेल्या दिसतात. दोन्ही आकृत्या पट्टी लावून तपासल्या तरी मन मानत नाही, पट्टीचाच संशय येतो. अशा वेळी दोन-दोन बिंदू वाचून भागाकार करणं बरं.

साध्या आलेखातही डोळा फसतो. य = १०क्ष आणि य = १०क्ष + २ काढा. उभं अंतर सगळीकडे दोन एकक, पण रेषा इतक्या उभट की काटकोनात मोजलेलं अंतर दोन भागिले १०१ चं वर्गमूळ, म्हणजे ०.२ ला किंचित कमी. सेंटिमीटरच्या कागदावर जेमतेम दोन मिलिमीटर. मुलं "चिकटल्यात की या" म्हणतात. चिकटलेल्या नाहीत, चिकटणारही नाहीत.

प्रमाण बदललं तर काय, हा प्रश्न फार थोडे विचारतात. क्ष-अक्षावर एक सेंटिमीटरला पाच एकक आणि य-अक्षावर एक सेंटिमीटरला एक, असं घेतलं तर रेषांचे दिसणारे कोन पार बदलतात. २ आणि −१/२ चढांच्या लंब रेषा अशा कागदावर अजिबात लंब दिसत नाहीत, त्यांच्या चढांचा गुणाकार −१ (लंब रेषांची हीच कसोटी) येत असला तरी. समांतर रेषा मात्र समांतरच दिसतात, कारण कागद ओढून ताणला तर सगळ्यांचे चढ एकाच पटीनं बदलतात, सारखे होते ते सारखेच राहतात. लंबपणापेक्षा समांतरपणा असा जास्त चिवट.

पेपर तपासताना मात्र हा चिवटपणा आमच्या मुळावर येतो. चढ काढताना मुलं सर्रास दोन चुका करतात. एक, आडवा फरक वर आणि उभा खाली. दोन, वर दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा. पहिलीत चढ उलटा होतो, दुसरीत त्याचं चिन्ह फिरतं. पण एकच चूक दोन्ही रेषांना इमानेइतबारे केली तर दोन्ही उत्तरं सारखीच चुकतात, सारख्याला सारखं मिळतं आणि "म्हणून रेषा समांतर" हे शेवटचं वाक्य बरोबर येतं! लंब रेषांच्या कसोटीतही तेच. −१ चा व्यस्त −१, आणि दोन्ही चिन्हं फिरली तर गुणाकार जागच्या जागी. म्हणून "या रेषा समांतर आहेत का?" एवढाच प्रश्न मला अपुरा वाटतो. त्यापेक्षा (४, −१) मधून जाणारी आणि २य = ४क्ष + ७ ला समांतर असणारी रेषा लिहायला सांगावं. इथे आधी दोननं भागून चढ २ काढायला हवा, ४ नव्हे, मग बिंदू घालून य = २क्ष − ९. चढ चुकला की उत्तर लगेच बोंबलतं.

क्ष-चा सहगुणक दिसला की तोच चढ, ही समजूत तर फारच पसरलेली. ३क्ष + य = ५ आणि य = ३क्ष + १ या दोन्हींत ३ दिसतो म्हणून त्या समांतर ठरवल्या जातात. पहिलीचा चढ −३ आहे, ती उतरते, दुसरी चढते. य एकटा डावीकडे आणल्याशिवाय चढ वाचायचा नाही, हे सांगून सांगून तोंड दुखतं.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप वसूल होतो ते सांगते. कुठलाही चौकोन घ्या, वेडावाकडा. चारही बाजूंचे मध्यबिंदू काढा आणि क्रमानं जोडा. आत समांतरभुज चौकोन तयार होतो. हे व्हॅरिन्याँ या फ्रेंच गणितज्ञाचं प्रमेय, त्याच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये छापलेलं. मी वर्गात चार बिंदू मुलांनाच सांगायला लावते, म्हणजे बाईंनी ठरवून घेतले असं म्हणायला जागा राहत नाही. समजा अ(०, ०), ब(६, २), क(८, १०), ड(−२, ६). मध्यबिंदू आले (३, १), (७, ६), (३, ८) आणि (−१, ३). पहिल्या दोघांना जोडणाऱ्या रेषेचा चढ ५/४. उरलेल्या दोघांना जोडणाऱ्या रेषेचाही ५/४. दुसरी जोडी −१/२ आणि −१/२. इथे वर्गात थोडी कुजबुज होते. मग कुणाला तरी कर्ण अक चा चढ काढायला सांगते. १० भागिले ८, म्हणजे तोच ५/४. आणि बड चा −१/२.

आकडे पटवतात, पण कारण सांगत नाहीत. कारण ब-मध्ये आहे. अब चा मध्यबिंदू आणि बक चा मध्यबिंदू, दोन्हींत ब अर्धा-अर्धा आलेला आहे. चढ काढताना एकातून दुसरा वजा केला की ब-चे निर्देशक उडून जातात, उरतात फक्त अ आणि क. म्हणजे ब कुठेही नेऊन ठेवा, जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये पकडून पडदाभर फिरवा, दोन्ही मध्यबिंदू त्याच्यामागे अर्ध्या मापानं पण एकाच दिशेनं सरकतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ हलत नाही. ड-चंही तसंच. ब आत ढकला, चौकोन खड्डा पडल्यासारखा होईल, तसाच पुढे कड ही बाजू ओलांडून न्या, बाजू एकमेकींवरून जातील, तरी आतल्या समोरासमोरच्या बाजू समांतरच. मुलं तो मोडायचा प्रयत्न करतात. सगळे बिंदू एका रेषेत आणून चौकोनच चपटा करायचा, एवढा एकच मार्ग त्यांना सापडतो, आणि तो शोधणारं मूल मला मनापासून आवडतं.

चपटा झाला म्हणजे काय, तेही चढच सांगतो. चढ सारखे आणि एक बिंदू सामाईक, तर दोन रेषा वेगळ्या नाहीतच. तीन बिंदू एकरेषीय आहेत का हे तपासताना आपण अब आणि बक चे चढ काढतो, ते सारखे आले की ब सामाईक असल्यामुळे रेषा एकच. आकडेमोड समांतरपणाची, निष्कर्ष एकरूपतेचा. म्हणून "चढ सारखे, म्हणून समांतर" लिहिण्याआधी स कडे एक नजर टाकावी. य = २क्ष − ९ आणि २य = ४क्ष − १८ यांच्यात समांतर असायला दुसरी रेषाच नाही.

एकसामयिक समीकरणांच्या प्रकरणात हीच मंडळी वेश बदलून येतात. २क्ष − ३य = ६ आणि ४क्ष − ६य = ५ सोडवायला घ्या. पहिल्याला दोननं गुणून वजा केलं की उरतं ० = ७. मुलं खोडरबर काढतात, कुठे तरी चुकलं असणार म्हणून. काहीही चुकलेलं नाही. दोन्ही रेषांचा चढ २/३, त्या भेटत नाहीत, समीकरणं तेच ओरडून सांगतायत. क्रेमरच्या पद्धतीनं गेलात तर निश्चयक शून्य येतो आणि भागाकार अडतो.

हा निश्चयक म्हणजे चढांची तिरक्या गुणाकारातली तुलना. एकीचा उभा फरक गुणिले दुसरीचा आडवा, बरोबर दुसरीचा उभा गुणिले पहिलीचा आडवा. भागाकारापेक्षा हे जास्त पल्ल्याचं, कारण य-अक्षाला समांतर रेषांशी भागाकाराचं जमत नाही. त्यांचा आडवा फरक शून्य, शून्यानं भागता येत नाही, म्हणून पुस्तक सांगतं की अशा रेषेचा चढ ठरवता येत नाही. एका उत्तरपत्रिकेत (२, १), (२, ६) मधून जाणारी रेषा आणि (७, ०), (७, ३) मधून जाणारी रेषा अशी जोडी होती. मुलीनं लिहिलं होतं: पहिलीचा चढ ५/०, दुसरीचा ३/०, ५ आणि ३ सारखे नाहीत, म्हणून समांतर नाहीत. शेजारीच तिनं कच्ची आकृती काढली होती. दोन उभ्या रेघा, एक २ वर, एक ७ वर, खणखणीत समांतर. आकृती खोडलेली नव्हती, उत्तरही खोडलेलं नव्हतं. तिरका गुणाकार केला असता तर पाच शून्य शून्य आणि तीन शून्य शून्य, दोन्ही बाजू सारख्या येऊन प्रश्न तिथेच सुटला असता, पण ती रीत आम्ही चढाच्या धड्यात शिकवतच नाही. आकृतीचा एक गुण दिला आणि समासात लिहिलं, "दोघींपैकी कुणाचं ऐकायचं, ते येऊन सांग."